विभागातली समावेशन समिती : पोस्टर सोडून काय करता येईल?

मध्यक :

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी एका राज्य विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात शिकवते. कुठल्या ते विचारू नका, नोकरी प्रिय आहे.

नॅकची (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) टीम येणार म्हणून सध्या विभागात फायली, फायली आणि फायली. त्यांच्या सातव्या निकषात लिंगसमभाव, समावेशन (म्हणजे कोणी बाहेर राहू नये हे बघणं) वगैरे येतं. त्यासाठी समावेशन समिती झाली आणि समन्वयक म्हणून माझं नाव पडलं. का, ते उघड आहे. विभागात कायम नोकरीतली बाई मी एकटीच. आमचे विभागप्रमुख सर माणूस म्हणून चांगले आहेत, पण काम त्यांनी दोन मिनिटांत समजावलं : "तीन पोस्टर, एक व्याख्यान, आठ मार्चला काहीतरी, आणि सगळ्याचे जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले फोटो."

आता मला आकडे उकरायची खोड आहे. मी एमएस्सीच्या प्रोजेक्टचं रजिस्टर काढलं, मागच्या काही वर्षांचं. कोणाला कोण गाइड मिळालं, एवढंच त्यात असतं. नियम असा की पहिल्या सत्राच्या गुणांनुसार निवड. प्रत्यक्षात ऑगस्टमध्येच "सर, मी तुमच्याकडे करू का?" असं विचारून अर्ध्या जागा भरलेल्या असतात. ज्या दोन प्राध्यापकांच्या कंपन्यांमध्ये ओळखी आहेत, त्यांच्याकडे वर्षानुवर्षं एकाच धाटणीची मुलं. शहरातल्या कॉलेजांची, घडाघडा बोलणारी. तालुक्याच्या कॉलेजातून आलेली, वसतिगृहात राहणारी मुलं उरलेल्या गाइडकडे, म्हणजे बहुतेक वेळा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडे, जे स्वतः पुढच्या वर्षी असतील की नाही याचा भरवसा नाही. टक्केवारी देत नाही. नमुना लहान आहे, आणि लहान नमुन्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या पोरांना मी वर्षभर झापत असते.

कोणी कोणाला अडवलेलं नाही. कोणाच्या मनात काही वाईट असेल असंही मला वाटत नाही. तरी रजिस्टर तसंच दिसतं.

तर प्रश्न असा : एखाद्या विभागात, विभागाच्या हातात असलेल्या गोष्टींत, खरंच काय बदललं की फरक पडतो? तुम्ही शिकताना, शिकवताना काय पाहिलंत? व्याख्यात्यांची नावं सुचवू नका, ती यादी सरांकडे आहे.

टाचणी :

बुकमार्क केला आहे. चहा घेऊन येतो.

सातपुड्याचा पोर :

ताई, तुमचं रजिस्टर न बघता सांगतो त्यात काय असेल, कारण त्या रजिस्टरात मी आहे. तुमच्या नाही, दुसऱ्या विद्यापीठाच्या.

मी धडगावकडचा. घरी पावरी ही आमची आदिवासी बोली, आश्रमशाळेत मराठी, बीएस्सीला अर्धी मराठी अर्धी इंग्रजी, एमएस्सीला नुसती इंग्रजी. गणित मला येत होतं, गणिताबद्दल बोलता येत नव्हतं. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना उभं करून ओळख सांगायला लावली. मी नाव सांगितलं. सर म्हणाले, "पूर्ण नाव." पूर्ण सांगितलं. सर म्हणाले, "अच्छा." बस. वाईट काहीच बोलले नाहीत. पण माझ्या आधीच्या पोराला त्यांनी "पुढे काय करायचंय?" असं विचारलं होतं, नंतरच्यालाही विचारलं. मला नाही.

गाइड कधी वाटले गेले ते आम्हाला कळलंच नाही. आम्ही वसतिगृहातले चौघं नोटीस लागायची वाट बघत होतो. नोटीस लागली तेव्हा तिच्यात आमची नावं शेवटच्या गाइडपुढे लिहून झालेली होती. सरांच्या केबिनमध्ये जाऊन विचारायचं असतं, हे आम्हाला कोण सांगणार? आमच्याकडे साहेबाच्या खोलीत बोलावल्याशिवाय जात नाहीत.

आणि अजून एक. स्टडी टूर. शिष्यवृत्ती आलेली नव्हती, पैसे भरायची तारीख निघून गेली. सर म्हणाले, "ज्यांना जमेल त्यांनी या, सक्ती नाही." सक्ती नव्हतीच. पण टूरच्या अहवालाला अंतर्गत गुण होते.

आता ज्युनियर कॉलेजात शिकवतो, बरं चाललंय. तुमच्या समितीला एकच सांगतो, नोटीस आधी लावा.

निवृत्त मास्तरीण :

पोरा, तुझा "अच्छा" वाचून थांबले जरा.

मध्यक, मी रसायनशास्त्रात तीस वर्षं काढली. समिती कुठलीही असो, माझ्या वाट्याला ठरलेलं काम यायचं : पाहुण्यांना पुष्पगुच्छ, आणि शेवटी आभार. रांगोळी मुलींकडे, माईक मुलांकडे. अभ्यासमंडळाच्या बैठका मात्र साडेपाचनंतर, कारण "तेव्हाच सगळे मोकळे असतात". सगळे म्हणजे कोण, हे मी एकदा भर बैठकीत विचारलं होतं. नंतर वर्षभर मला कोणी बैठकीला बोलावलंच नाही, तेवढाच आराम.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट आपल्याकडे शाळेत सांगतात ती अर्धीच सांगतात. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, आणि संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. बाईंनी सत्याग्रह केला, प्रवेश मिळवला, पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी झाल्या. इथवर सगळ्यांना पाठ. पण प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, आणि तिथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये! मला ती दुसरी अट फार बोलकी वाटते. दार उघडलं, पण आत आल्यावर दिसू नकोस. तुमच्या रजिस्टरातली मुलं आज नव्वद वर्षांनी तीच अट पाळतायत, फक्त कागदावर कोणी लिहिलेली नाही.

सडेतोड :

ठरलेल्या वळणावर धागा येऊन पोचला. प्रवेशात आरक्षण आहे, फी माफ आहे, वसतिगृह आहे. आता प्रोजेक्टच्या गाइडमध्येही कोटा हवा? ज्याला विचारायची हिंमत आहे त्याला मिळतं. जगात असंच चालतं. विद्यापीठात गुणवत्ता राहू द्या की थोडी.

मध्यक :

सडेतोड, कोटा मी कुठे मागितला ते दाखवा. आमचा नियम गुणवत्तेचाच आहे : पहिल्या सत्राचे गुण लागल्यावर क्रमाने निवड. तो पाळला जात नाही, एवढीच माझी तक्रार. ऑगस्टमध्ये कोणाचेच गुण लागलेले नसतात, तेव्हा केबिनमध्ये जाऊन जागा अडवणाऱ्याची कुठली गुणवत्ता मोजली जाते?

सडेतोड :

बरं, हा मुद्दा मान्य. पण तुमच्या समित्यांचा शेवट आकडे भरण्यातच होतो, हे माझं मत कायम.

मध्यक :

तिथे आपलं जमतंय. म्हणून तर धागा काढला.

टाचणी :

चहा आणला. गुणवत्तेवरून आठवलं म्हणून थोडं अवांतर. "विभाग" हा शब्द किती निरुपद्रवी वाटतो, पण २०१७ ते २०१९ या काळात देशभरातल्या प्राध्यापक भरतीत याच शब्दावरून रान पेटलं होतं. तोपर्यंत केंद्रीय विद्यापीठांत आरक्षण मोजताना अख्खं विद्यापीठ एक एकक धरायचे, दोनशे बिंदूंची नामावली (कितवी जागा कोणत्या प्रवर्गाला, हे ठरवणारी क्रमयादी). २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं, एकक विभाग धरा. मार्च २०१८ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, तसा आदेश काढला. ऐकायला बरोबर वाटतं ना? आता तेरा बिंदूंची नामावली लावून बघा (नाव तेराचं, तरी मोजणी चौदापर्यंत जाते). चौथी जागा ओबीसी, सातवी अनुसूचित जाती, चौदावी अनुसूचित जमाती. ज्या विभागात सहाच पदं आहेत तिथे सातवी जागा येणार कधी? आणि चौदावी? कायदा कुठेही मोडला नाही, आणि जागा मात्र गायब. आंदोलनं झाली, मार्च २०१९ मध्ये अध्यादेश आला, मग त्याच वर्षी संसदेने कायदा करून संस्था हेच एकक ठेवलं.

सांगायचं काय, तर नुसतं मोजणीचं एकक बदललं तरी माणसं बाहेर पडतात. मध्यक ताईंना हे मी सांगायला नको, त्यांचा धंदाच तो आहे.

टेक्सासचा उन्हाळा :

इकडची थोडी हकीकत. मी अमेरिकेत एका विद्यापीठात आहे, जीवशास्त्र. आमच्याकडे समावेशनाचं अख्खं कार्यालय होतं, कर्मचारी होते, दर सत्राला ऑनलाइन प्रशिक्षण होतं. पडद्यावर चित्रं यायची, बरोबर उत्तरावर टिचकी मारली की प्रमाणपत्र. मी ते जेवता जेवता उरकायचो. मग टेक्सासने कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतली अशी कार्यालयं बंद झाली. पाट्या उतरल्या. त्यातली काही माणसं खरंच उपयोगाची होती, पहिल्या पिढीतल्या मुलांना फॉर्म भरायला मदत करायची. तीही गेली. सडेतोड खूश होतील, पण ऑनलाइन प्रशिक्षणाबरोबर मदतीची खिडकीही बंद झाली, हे बघायला वाईट वाटलं.

मध्यक ताईंच्या रजिस्टरवरून मात्र मला इकडचं, बोस्टनजवळचं एमआयटी आठवलं. तिथे नॅन्सी हॉपकिन्स नावाच्या जीवशास्त्रज्ञ होत्या. मत्स्यसंशोधनाच्या टाक्यांसाठी त्यांना थोडी जागा हवी होती, मिळेना. बाई रात्री मोजपट्टी घेऊन निघाल्या आणि प्रयोगशाळांच्या खोल्या मोजत सुटल्या. पुरुष सहकाऱ्यांपेक्षा महिलांना जागा कमी, हे इंचांत सिद्ध केलं. १९९४ च्या सुमारास तिथल्या विज्ञान शाखेत कायम प्राध्यापक महिला होत्या पंधरा, पुरुष जवळपास दोनशे. त्या महिलांनी एकत्र येऊन पगार, जागा, कामं सगळ्याचा हिशोब मांडला, १९९९ मध्ये अहवाल आला आणि संस्थेच्या अध्यक्षांनी तो चक्क मान्य केला. मोजपट्टीपुढे फारसं कोणाला बोलता आलं नाही.

आणि आपल्या मंडळींनी इकडे येऊन जात सोडली असं कोणी म्हणत असेल तर, ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला, तो उगाच नाही. गणपतीच्या कार्यक्रमात मला अजून "तुम्ही मूळचे कुठले" या प्रश्नाच्या तीन पायऱ्या उतराव्या लागतात. गाव, तालुका, मग "पण आडनाव?"

ठिपके वाचणारा :

मला दिसत नाही. एमएस्सी केलं आहे, आणि तेही गणिताच्या अंगाने जाणाऱ्या विषयात, त्यामुळे हा धागा स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) दोनदा ऐकला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला किमान वीस मिनिटं जास्त मिळतात. हे सगळं मला मिळालं, वाद नाही. आता आतली गंमत. माझ्या वेळी स्वतःचा लेखनिक आणायचा तर तो आपल्यापेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा लागायचा. म्हणजे मला असा मुलगा शोधायचा, ज्याला सिग्मा, म्यू, थीटा, वरची पट्टी, खालचा निर्देशांक काढता येतो, पण जो एमएस्सीला नाही. आणि जो माझ्या परीक्षेच्या दिवशी स्वतःच्या परीक्षेला बसलेला नाही. दर सत्राला मी आधी लेखनिकाचा अभ्यास घ्यायचो, मग माझा. त्या जादा वीस मिनिटांतली पंधरा "नाही रे, कंसाच्या बाहेर" यात जायची.

नोट्सचं तर काय सांगू. सरांच्या हस्ताक्षरातली वही, मोबाइलने काढलेले फोटो, त्यांची पीडीएफ. माझा स्क्रीन रीडर अशा पीडीएफला म्हणतो : "चित्र. चित्र. चित्र." अठ्ठेचाळीस पानं चित्र. पण एका मॅडमनी न सांगता एक गोष्ट केली. फळ्यावर लिहिताना त्या मोठ्याने वाचायच्या, पूर्ण वाक्यात. "आता मी डाव्या बाजूला छेदात एन वजा एक लिहितेय." सुरुवातीला वर्ग हसला. महिन्याभराने शेवटच्या बाकावरची पोरं म्हणायला लागली की मॅडमचं लेक्चर समजतं. खर्च शून्य रुपये, फोटो काढता येत नाही.

सातपुड्याचा पोर :

ठिपकेदादा, त्या मॅडम मला असत्या तर मलाही समजलं असतं. मला डोळे होते, पण फळ्यावरचं इंग्रजी मला तसंच "चित्र चित्र" दिसायचं.

जावक क्रमांक :

मी एका विभागात लिपिक आहे. बावीस वर्षं झाली. प्राध्यापक मंडळी बोलतायत तिथं मी बोलावं का नको, असं वाटलं, पण बोलतो.

आमच्याकडं हजेरीच्या यादीत प्रवर्गाचा रकाना असायचा. का? तर प्रवेशाची यादी संगणकात होती, तीच छापून हजेरीला लावली. कुणी मुद्दाम केलं न्हाई. मास्तर हजेरी घेताना नाव वाचायचे आणि शेजारी एससी, एनटी, ओपन दिसायचं. वर्षानुवर्षं. एकदा एक पोरगी माझ्या टेबलापाशी आली, म्हणली, काका, हे इथं कशाला लागतं? मला उत्तर सुचेना. मी त्या रकान्यावर माऊस नेला आणि उडवला. कुणालाही विचारलं न्हाई. आजपर्यंत कुणाला तो गेल्याचं कळलेलं न्हाई, म्हणजे तो कुणाला लागतच नव्हता.

दुसरं, महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे फॉर्म. शिष्यवृत्तीचा फॉर्म त्रुटी म्हणून परत आला की पोराला मोबाइलवर संदेश जातो. ज्या सायबर कॅफेतून फॉर्म भरला त्या कॅफेवाल्याचाच नंबर टाकलेला असला, की संपलं. पोराला वाटतं पैसे येणार, पैसे काही येत न्हाईत. मी आता फॉर्म भरतानाच नंबर तपासतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण माझ्या कामाच्या यादीत ते कुठंच न्हाई.

मध्यक :

काका, तुम्ही बोलायलाच हवं होतं. यूजीसीची समतेबाबतची २०१२ सालची नियमावली मी समितीच्या निमित्ताने पहिल्यांदा नीट वाचली. त्यात भेदभाव म्हणजे काय याची बरीच बारीक नोंद आहे. वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणं, राखीव म्हणून ओळख चिकटवणं, प्रयोगशाळेत रिकामं बसवून ठेवणं. तुमच्या एका रकान्यात त्यातलं निम्मं बसतं. आणि ती नियमावली आमच्या विभागात कुणी वाचलेली नव्हती. मीही नाही. मला त्याची लाज वाटते.

उद्या आमच्या हजेरीची यादी बघते.

मध्यक :

बघितली. आहे रकाना.

निवृत्त मास्तरीण :

आता तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांबद्दलही बोला कुणीतरी. धाग्याच्या सुरुवातीलाच आलेत आणि नंतर सगळे विसरले. नेहमीसारखंच.

उद्या असेल की नाही ठाऊक नसलेला :

बोलतो मॅडम. नेटसेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा दोन्ही, पीएचडी आहे, नववं वर्ष. दरवर्षी नव्याने मुलाखत, उन्हाळ्यात मानधन बंद. विभागाच्या पाटीवर नाव नाही, बसायला ग्रंथालय. मुलं मला शोधत येतात तेव्हा शिपाईकाका सांगतात, "ते बाहेरचे सर ना?" उरलेली मुलं माझ्याकडे येतात हे मध्यक ताईंचं निरीक्षण खरं आहे. मी जीव तोडून प्रोजेक्ट करून घेतो. पण शिफारसपत्र द्यायची वेळ आली की माझ्या सहीखाली लिहायला पदच नसतं. मुलांचं नुकसान तिथे होतं, वर्गात नाही. समावेशन समितीत मला घेतलेलं नाही, कारण मी विभागाचा नाही.

संपादक :

दोन प्रतिसाद उडवले आहेत. आडनावांवरून टोमणे चालणार नाहीत. चर्चा छान चाललीय, चालू द्या.

मध्यक :

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय.

काय झालं ते सांगते. गाइड वाटपाची नोटीस जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावली, मराठीत आणि इंग्रजीत. तिच्यात लिहिलं की प्रत्येक शिक्षक कुठल्या विषयावर काम करतो, कधी भेटेल, आणि गुण लागण्याआधी कोणतीही जागा ठरणार नाही. वर एक ओळ घातली : "केबिनमध्ये येऊन विचारणं अपेक्षित आहे." ही ओळ सातपुड्याच्या पोरामुळे. दोन सहकारी नाराज झाले. एकांनी तोंडावर सांगितलं की चांगली मुलं हातची जातील. तरी त्यांनी एक जागा ऑगस्टमध्येच कुणालातरी कबूल केली, हे मला परवा कळलं. तेव्हा सगळं सुधारलं असं म्हणत नाही.

शिफारसपत्रावर आता विभागप्रमुखांचीही सही होईल, मजकूर शिकवणाऱ्याचाच. पाटीवर नाव लावायला नकार मिळाला, त्याला वरून परवानगी लागते म्हणे. टूरच्या अहवालाऐवजी पर्यायी काम देऊन तेच गुण, हा ठराव विभागाच्या बैठकीत पास झाला. बैठक दुपारी दोनला होती, मास्तरीणबाई! हजेरीतला रकाना काढला. कुणाच्याही लक्षात आलं नाही, अगदी काका म्हणाले तसंच.

मी फळ्यावर बोलत लिहायला लागलेय. पहिला आठवडा वर्ग हसला, अजून हसतोय.

आणि हो, पोस्टर तीन लागली. सरांना फोटो दिले, जिओटॅगसह. दुसऱ्या मजल्यावर लावलीत, जिथे लिफ्ट जात नाही.

सडेतोड :

नोटिशीची कल्पना आमच्या कॉलेजात पाठवतो. कोटा नाही ना, म्हणून.

ठिपके वाचणारा :

ताई, अभिनंदन. पोस्टरवर काय लिहिलंय ते तरी सांगा. पीडीएफ पाठवली तर उत्तम, पण फोटो काढलेली नको.